कूलपिक्स ९५० हातात आलाय? आधी एवढंच कर

अरे वा, १९९९चा निकॉनचा डिजिटल कॅमेरा म्हणजे मस्त सुरुवात! २ मेगापिक्सेलला नाकं मुरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस, पोस्टकार्ड साइझचे प्रिंट छान येतात.

पहिलं म्हणजे सेल. साधे अल्कलाइन ४ पेन्सिल सेल टाकशील तर बघता बघता संपतात आणि तुला वाटेल कॅमेराच बिघडलाय, तेव्हा रिचार्जेबल एनआयएमएच (निकेल-मेटल हायड्राइड) सेलचे दोन सेट घे, आणि मागची स्क्रीन सारखी चालू ठेवू नको, व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या छोट्या खिडकीतून बघ.

दुसरं, बटण एकदम दाबायचं नाही. अर्धं दाब, फोकस होऊ दे, मग पूर्ण. माझ्या पुतणीच्या वाढदिवसाचे सगळे फोटो मी इथेच घालवले, केक कापून झाल्यावरचे आले नुसते.

- क्वालिटी 'फाइन' किंवा 'नॉर्मल' ठेव, 'हाय' नको. त्यात टिफ, म्हणजे कॉम्प्रेस न केलेली खूप मोठी फाइल बनते, सोबतच्या ८ एमबी कार्डात एकच मावते.
- फोटो सेव्ह होताना कार्ड काढू नको, प्लीज.

मॅन्युअल मोड वगैरे सध्या राहू दे. त्यापेक्षा मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायचा मोड) लाव, लेन्सचा भाग फिरवून जास्वंदीच्या अगदी जवळ जा, २ सेंटिमीटरपर्यंत फोकस होतो, परागकण दिसतात रे! पहिले फोटो नक्की दाखव.