नव्या अंगणवाडी सेविकेला

अगं, सुरुवातीचे काही दिवस पोरं रडणारच, घाबरू नकोस. आईला दारात घुटमळू देऊ नकोस, पण गुपचूप सटकूही देऊ नकोस. 'भात जेवून झालास की येते' असं सांगूनच तिने निघावं. तीन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही, जेवणाची वेळ कळते.

गाणी, हजेरी, रजिस्टर सरावाने जमेल. वजनाच्या दिवशी मात्र घाई नको. काटा सपाट फरशीवर ठेव, आधी शून्यावर आण, चपला आणि जाड कपडे उतरव. दंडाचा घेर मोजायच्या पट्टीवर ११.५ सेंटिमीटरच्या खाली आकडा आला तर ते तीव्र कुपोषण. त्याच दिवशी आशाताईला सांग, मुलाला आरोग्य केंद्रात पाठव. रेंज नसेल तर पोषण ट्रॅकर या मोबाइल ॲपमधली नोंद नंतर कर, आकडा आधी वहीत.

आहार वाढला की मुलांत जाऊन बस. कोण नुसता भात चिवडतंय, कोण पुन्हा ताट पुढे करतंय, तिथेच दिसतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा खाडीकाठच्या घरांत पैशाची ओढाताण असते. त्या मुलांच्या ताटाकडे जास्त लक्ष दे. आणि पऱ्ह्याला, म्हणजे ओढ्याला, पाणी चढलं तर मुलाला एकटं सोडू नकोस, ओळखीच्या माणसाच्या हातातच दे.