इंदूरच्या एबी रोडवरची रोडसाइड युनिट्स (गाड्यांशी रेडिओवरून संदेशांची देवाणघेवाण करणारी रस्त्याकडेची उपकरणं) रात्री बंद ठेवून वीज वाचवावी का?

पूर्ण बंद करू नका, फक्त रेडिओ झोपवा आणि जीपीएसचं घड्याळ जागं ठेवा. ताशी 60 किमीने येणारी गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर पुढे सरकते. बंद युनिट सुरू व्हायला 30 सेकंद लागले, तर ती 500 मीटर पुढे गेलेली असते. युनिटच्या घड्याळाची वेळ चुकली की डिजिटल सही केलेले संदेशही गाड्या नाकारतात, आणि नेमकं हेच विसरलं जातं. ट्रान्समिट पॉवर कमी करून फारसं हाती लागत नाही: 23 डीबीएम म्हणजे जेमतेम 0.2 वॅट. खरी वीज खातात सतत जागे असलेले प्रोसेसर आणि रिसीव्हर. रेडिओ 2 सेकंदांत उठत असेल, तर त्याला उठवणारा रडार रेंजच्या कडेच्या किमान 35 मीटर बाहेर, गाडी येते त्या बाजूला बसवा. मात्र विजय नगरसारख्या चौराह्यावरचं युनिट कधीच झोपवू नका.