वाचकांचे प्रश्न : इंजेक्शनशिवाय म्हैस पान्हाच सोडत नाही

यावेळी पत्रं बरीच आली आणि त्यातली निम्मी एकाच विषयावर आहेत म्हणून तिथूनच सुरू करतो, बाकीचे थोडक्यात. ज्यांचे राहिले त्यांनी राग धरू नका, पुढच्या अंकात घेतो.

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार. आमची मुऱ्हा म्हैस दुसऱ्या वेताची आहे. व्याल्यावर अकराव्या दिवशी रेडकू मेलं. तेव्हापासनं म्हैस धारेला उभीच राहीना, लाथा मारायची, म्हणून मालकांनी दुकानातनं बाटली आणली आणि दोन्ही टायमाला इंजेक्शन चालू केलं. आता चार महिने झाले. सुई दिसली की म्हैस दाव्याला हिसके देते, मानेवर गाठी आल्यात. मला बघवत नाही, पण बंद केलं की दूध देत नाही आणि घरातला सगळा खर्च तिच्यावर चाललाय. काय करू? (एक ताई, ता. सांगोला)

उत्तर : ताई, आधी एक सांगतो, म्हैस दूध चोरत नाहीये. लोक म्हणतात पान्हा चोरला, पण पान्हा हा काही तिच्या मर्जीचा कारभार नाही. सडाला रेडकाचं तोंड लागलं किंवा ओळखीचा हात लागला की निरोप मेंदूत जातो, तिथल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, ते कासेत पोचलं की आतल्या बारीक बारीक पिशव्या आवळतात आणि दूध खाली येतं. गाईचं निदान थोडं तरी दूध खालच्या पोकळीत आधीच उतरलेलं असतं, म्हशीचं मात्र पाच टक्क्यांच्या आसपासच खाली असतं, बाकी सगळं वर अडकलेलं. म्हणून म्हैस पान्हवली नाही तर तुम्ही कितीही ओढा, वाटीभर निघतं. आणि जनावर घाबरलं की रक्तात ॲड्रेनलिन वाढतं आणि ते ह्या ऑक्सिटोसिनचं काम हाणून पाडतं. म्हणजे बघा काय झालंय, रेडकू गेलं, ती बिचकली, म्हणून सुई आली, आता सुईमुळेच रोज दोनदा बिचकते, म्हणून परत सुई लागते.

बाटलीतलं औषध तेच ऑक्सिटोसिन आहे, बाळंतपणात कळा याव्यात म्हणून बायकांना सलाईनमधनं देतात तेच. तुम्ही बाई आहात, तुम्हाला जास्त फोड करून सांगायला नको. आम्ही पण ते वापरतो, व्याल्यावर एखाद्या वेळी, एखाद्या जनावराला. रोज दोनदा चार महिने द्यायचं ते औषधच नाही. सारखं बाहेरून मिळालं की कासेला साध्या हाताच्या चोळण्याची सवयच राहत नाही. आणि ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही हा कायदा आहे, तरी बिनलेबलची प्लास्टिकची बाटली पेंडीच्या दुकानात कोपऱ्यात ठेवलेली मी स्वतः कितीदा पाहिलीय. त्यात नक्की किती औषध आहे, पाणी कुठलं घातलंय, देवाला माहीत. मानेवरच्या गाठी त्यातल्याच, एकच सुई महिनाभर, न उकळता. गाठी दाबू नका, चोळू नका, डॉक्टरला दाखवा, आत पू असेल तर फोडून काढावा लागेल.

आता बंद कसं करायचं. एकदम बंद करू नका, दूध आत तुंबलं की दगडी, म्हणजे कासेला सूज, व्हायची भीती असते. तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगून, त्यांच्या नजरेखाली दर तीन-चार दिवसांनी डोस कमी करत न्या, आणि त्याच दिवसापासनं खालच्या गोष्टी चालू करा, नाहीतर नुसता डोस कमी करून काही होणार नाही.

धार एकाच माणसानं काढायची, शक्यतो तुम्हीच, कारण मालकांचा हात आणि सुई ह्याची तिच्या डोक्यात गाठ बसलीय. मालकांना थोडे दिवस गोठ्यातच येऊ देऊ नका, त्यांनाही जरा विश्रांती. वेळ ठरलेली, पाच-दहा मिनिटं इकडंतिकडं चालेल, तासभर नाही. आंबोण धारेच्या वेळीच पुढं ठेवायचं, आधी नाही. कोमट पाण्यानं कास धुवायची आणि मग खरी गोष्ट, दोन-तीन मिनिटं कास चोळायची, वरून खाली, सडाला हिसका न देता, रेडकू जसं डोक्यानं ढुशी देतं तशी मधून मधून तळव्यानं हलकी ढुशी द्यायची. गाय मिनिटभरात पान्हवते, म्हशीला वेळ लागतो आणि आपण तिथंच घाई करतो. सड भरून टणक लागले, चकाकले की समजा आली. मग मात्र थांबायचं नाही, सात-आठ मिनिटांत धार उरकायची कारण त्या पान्ह्याचा जोर तेवढाच टिकतो, मधेच फोन घ्यायचा नाही. पहिल्या दोन धारा काळ्या फडक्यावर काढून बघायच्या, गुठळी दिसली तर दगडीची सुरुवात समजायची.

पहिले आठ-दहा दिवस दूध कमी होईल. तेवढं सोसायची तयारी ठेवा, मालकांनाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी बाटली परत येते.

जुनी माणसं मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं उभं करायची, ती त्याला चाटत राहायची आणि इकडे धार चालायची. लहानपणी मी ते बघितलंय, मला तेव्हाही जेवण गेलं नव्हतं, पण सुईपेक्षा ते बरं होतं असं आता वाटतं.

आणि खरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही, रेडकू मेलं कशानं? अकरावा दिवस म्हणजे मला जंताचा संशय येतो. म्हशीच्या रेडकाला गोल जंत आईच्या दुधातनंच येतात, शेण मातकट पांढरं होतं, पोट डेऱ्यासारखं दिसतं, रेडकू वाळत जातं. दहाव्या दिवसाच्या आसपास जंताचं औषध द्यावंच लागतं आणि पुढे सहा महिने दर महिन्याला. पण त्याच्याही आधी चीक. व्याल्यावर पहिल्या तासा-दोन तासात चीक पोटात गेला पाहिजे, पहिल्या दिवसात वजनाच्या दहा टक्के तरी, म्हणजे तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर. रोगाशी लढायची ताकद पोटातल्या वासराला आईच्या रक्तातून मिळत नाही, चिकातूनच मिळते, आणि चोवीस तास झाले की आतड्याची ती दारं बंद होतात. आपल्याकडे चीक खरवसाला जातो आणि शेजारीपाजारी वाटला जातो, राहिलेला रेडकाला. वार, म्हणजे गर्भाबरोबरची पिशवी, पडायची वाट बघत चीक अडवून ठेवतात तेही चुकीचं, उलट रेडकू पिऊ लागलं की वार पडायला मदतच होते. नाळेला आयोडीन लावा. पुढच्या वेताला एवढं केलंत तर बाटलीची गरजच पडणार नाही.

जाता जाता, प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आहे त्याच्या कलम १२ मध्ये दूध वाढवायला जनावराच्या तब्येतीला अपाय होईल असं इंजेक्शन देणं हा गुन्हा आहे, हजार रुपयापर्यंत दंड किंवा दोन वर्षापर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा होतं. मालकांना हे शेवटचं वाक्य वाचून दाखवा.

प्रश्न : आम्ही सुट्टं म्हशीचं दूध घेतो. इंजेक्शन दिलेल्या म्हशीच्या दुधामुळे मुली लवकर वयात येतात असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. दूध बंद करू का? (एक आई, पुणे)

उत्तर : त्या कारणासाठी नको. ऑक्सिटोसिन हे प्रथिनासारखं असतं, पोटात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं, आणि म्हशीच्या रक्तातही ते काही मिनिटंच टिकतं. ह्या प्रश्नाची मला वर्षात शंभर पत्रं येतात, सगळी पिणाऱ्यांची काळजी करणारी. ज्या जनावराच्या मानेत वर्षाला सातशे सुया जातात तिच्याबद्दल वरच्या ताईंचं एक आलं. तुम्हाला दुधवाल्याची परीक्षाच घ्यायची असेल तर कधीतरी सकाळी त्याच्या गोठ्यावर जा, म्हशी किती आणि रेडकं किती ते मोजा.

प्रश्न : साहेब मी ऊसतोडीला टायरगाडी घेऊन जातो, दरवर्षी बैलाचा खांदा येतो. हळद तेल लावतो, उतरत नाही. गाडी बंद ठेवली तर आगाऊ घेतलेली उचल फिटणार कशी? (एक गाडीवान, जि. बीड)

उत्तर : दादा, उचलीचं उत्तर माझ्याकडं नाही आणि असल्याचा आव आणत नाही. खांद्याचं सांगतो.

खांदा येणं म्हणजे जुवाखालची मान सुजणं, तो एका दिवसात येत नाही. जू एका बाजूनं झिजलेलं असतं, किंवा जोडीतला एक बैल उंच आणि एक बुटका, मग सगळा भार बुटक्याच्या मानेवर. किंवा जुवाला खिळा, गाठ वर आलेली. किंवा गाडी भरण्यात चूक, पुढं जड भरली की मान दबते, मागं जड भरली की उलाळ होते आणि जू गळ्याला खालनं लागतं. पहाटे दवानं मान ओली असते आणि त्यावरच जू ठेवतो आपण, ओलं कातडं लवकर सोललं जातं. म्हणून जुंपायच्या आधी मान कोरड्या फडक्यानं पुसा, जुवावरनं एकदा तळहात फिरवा, तुमच्या हाताला टोचलं ते त्याला टोचणारच. जुवाला मऊ पोतं गुंडाळा, पण ते रोज वाळवायचं.

सूज आली की पहिले दोन दिवस गार पाण्यानं शेक, नंतर गरम. हळद तेल वाईट नाही पण त्यावरच परत जू ठेवलं तर काय उपयोग, खांदेमळणी आपण पोळ्याच्या आदल्या दिवशी करतो ती त्याला दुसऱ्या दिवशी सुट्टी असते म्हणून. पू झाला असेल तर डॉक्टर बोलवा, १९६२ ह्या नंबरला फोन केला की फिरता दवाखाना येतो. चार दिवस गाडी थांबवली तर चार दिवसच जातात, खांदा चिघळला तर सगळा हंगाम.

नियम म्हणाल तर ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ पासून आहेत. दिवसात नऊ तासाच्या वर काम नाही, सलग पाच तासाच्या वर नाही, आणि पारा ३७ च्या वर जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. टोकदार पराणीला तर पूर्ण बंदी आहे. कारखान्याच्या वजनकाट्यापुढं रात्रभर लागलेल्या रांगेत हे नियम वाचून दाखवले तर लोक हसतील हे मला ठाऊक आहे. तरी रांगेत उभं असताना निदान जू तरी खाली उतरवा, एवढं तुमच्या हातात आहे. बैल जुवासकट सहा तास उभा असतो आणि आपण गाडीखाली झोपतो.

प्रश्न : माझ्याकडं बारा एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाई आहेत. यंदा सात गोऱ्हे झाले. कोणी फुकट घेत नाही. आमच्याकडं लोक रात्री घाटात सोडून येतात. मला ते करायचं नाही, पण सांभाळणं परवडत नाही. (एक तरुण, ता. राहुरी)

उत्तर : तुम्ही हे उघड लिहिलंत ते बरं केलं, बाकीचे लिहीत नाहीत, नुसते गोऱ्ह्याचं दूध तोडतात आणि आठवड्यात तो 'आपोआप' मरतो. मी पोस्टमॉर्टेम केलीत अशी, पोटात माती आणि दाव्याचा काथ्या.

अडचण खरी आहे. गाय कापायला बंदी १९७६ च्या कायद्यानं होतीच, २०१५ च्या दुरुस्तीनं बैल आणि वळूही त्यात आले. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचं काम आटलं. आणि एचएफच्या गोऱ्ह्याला वशिंड नाही, जू नीट बसत नाही, उन्हात धापा टाकतो. सोडून देणं हाही गुन्हाच आहे, १९६० च्या कायद्यात पहिल्या वेळेला दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. फार जुना आकडा आहे. चहा-भज्याच्या बिलात बसतो.

पुढच्यासाठी सोपं आहे, लिंगनिर्धारित रेतमात्रा वापरा, त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडीच होतात. गाभ राहायचं प्रमाण साध्या रेतापेक्षा थोडं कमी असतं म्हणून ते तरुण, चांगल्या तब्येतीच्या, माज स्पष्ट दाखवणाऱ्या गाईलाच द्या, उलटणाऱ्या, म्हणजे रेतन करूनही गाभ न राहणाऱ्या, गाईवर पैसे घालवू नका.

आत्ताच्या सातांचं काय? सगळे ठेवा असं मी सांगणार नाही, सांगणं फुकटचं असतं. दोन महिने रोज दोन-तीन लिटर दूध द्यावं लागेल, त्यातलं अर्धं मिल्क रिप्लेसरवर भागवता येतं, तिसऱ्या आठवड्यापासनं थोडी काफ स्टार्टर आणि कोवळा चारा ठेवला की पोट लवकर तयार होतं. पुढे खच्ची करा, भूल देऊन, डॉक्टरकडूनच. सकाळच्या गारव्यात दोन तास कोळपणी, एखादी चाऱ्याची गाडी एवढं काम संकरित बैल करतो, लोक उगाच नाही म्हणतात. ज्यांच्याकडे गोबरगॅस आहे पण जनावरं कमी झालीत अशी घरं गावात दोन-तीन तरी निघतात, तिथे विचारा. गोशाळेत द्यायचा असेल तर आधी स्वतः जाऊन गव्हाणीत काय आहे ते बघा, काही ठिकाणी फक्त नाव गोशाळेचं असतं.

प्रश्न : मुक्तसंचार गोठा केला पण गाई एकमेकींना मारतात. परत बांधू का? (जि. सांगली)

उत्तर : नका बांधू. आठ-दहा दिवसांत त्यांचं आपापसात ठरतं कोण मोठी ते. मारामारी बहुतेक पाण्यावर आणि गव्हाणीवर होते, तेव्हा पाण्याचं टाकं एक असेल तर दोन करा, लांब लांब. जागा मोजून घ्या, एका गाईला छपराखाली साडेतीन चौरस मीटर आणि मोकळी सात तरी पाहिजे. फारच मारकी असेल ती एकटी चार दिवस बाहेर काढा आणि मग परत सोडा, परत येते तेव्हा तीच नवी असते.