दीर्घिकांच्या उत्क्रांतीचा मशीन लर्निंगने अभ्यास करायचा आहे. सीएनएन शिकू की ट्रान्सफॉर्मर?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहात, पायटॉर्च हे मशीन लर्निंगचं सॉफ्टवेअर चांगलं येतं, खगोलशास्त्राची पदवी नाही, आणि गॅलेक्सी झू या प्रकल्पाच्या चित्रांवर सर्पिल की लंबवर्तुळाकार हे ओळखणारं तुमचं मॉडेल 96 टक्के अचूक आलंय. आता ‘त्याच मॉडेलने’ दूरच्या दीर्घिका तपासून त्यांची उत्क्रांती शोधायची आहे. ते ‘त्याच मॉडेलने’ वाचलं आणि माझी जुनी ठणक जागी झाली. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, आणि विचारलेल्या प्रश्नाकडे मी बरीच उशिरा येणार आहे. (सीएनएन आणि ट्रान्सफॉर्मर या न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या प्रोग्रॅमच्या, दोन रचना.)

आधी सांगा, 96 टक्के जुळलं ते कशाशी? निसर्गाने उत्तरपत्रिका दिलेली नाही, ती माणसांनी भरली आहे. 2007 साली गॅलेक्सी झू सुरू झालं तेव्हा स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या जवळपास 9 लाख दीर्घिका हौशी लोकांपुढे ठेवल्या होत्या. लोकांनी हौसेने बटणं दाबली, आणि मोजदाद केली तर घड्याळाच्या उलट दिशेने वळलेल्या सर्पिल दीर्घिका जास्त भरल्या. विश्वाचा असा एका बाजूला ओढा असेल तर ती फार मोठी बातमी! सुदैवाने चालवणारे लोक शहाणे होते. त्यांनी काही चित्रं आरशात दिसावीत तशी उलटी करून पुन्हा दाखवली. आता पारडं दुसरीकडे झुकायला हवं होतं, पण लोकांची बटणं त्याच बाजूला जास्त पडत राहिली. ओढा बघणाऱ्यांचा होता, विश्वाचा नव्हता. अशा लेबलांवर शिकलेलं मॉडेल लोकांच्या सवयीसुद्धा 96 टक्के अचूक शिकतं.

तज्ज्ञ बसवले की हे सुटतं असंही नाही. खगोलशास्त्रज्ञ ओफर लाहव आणि सहकाऱ्यांनी 1995 साली सहा तज्ज्ञांकडून 831 दीर्घिकांचं वर्गीकरण करून घेतलं. न्यूरल नेटवर्क आणि तज्ज्ञ यांच्यात जेवढा मतभेद निघाला, साधारण तेवढाच दोन तज्ज्ञांमध्येही होता. (हो, 1995. या कामात न्यूरल नेटवर्क 1992 पासून आहेत, आणि भारतात केंभावी, वाडदेकर, निनान साजीथ फिलिप वगैरे खगोलवाल्या मंडळींनी तारा कुठला आणि दीर्घिका कुठली हे निवडणारं नेटवर्क 2002 साली छापलं होतं. ‘एआयने आता खगोलशास्त्रात प्रवेश केला’ असे मथळे दिसले की मी पान उलटते.)

आता उत्क्रांती. एखादी दीर्घिका बदलताना आपण बघू शकत नाही, तिचा आपल्याला एकच क्षण मिळतो. म्हणून जवळच्या दीर्घिकांचा एक गठ्ठा आणि दूरच्या, म्हणजे आपल्याला जुन्या काळातल्या दिसणाऱ्या दीर्घिकांचा दुसरा गठ्ठा समोरासमोर ठेवायचा आणि दोन्हींतल्या फरकाला बदल म्हणायचं, एवढाच मार्ग आहे. इथे अंतर म्हणजेच काळ. त्यामुळे अंतराबरोबर वाढत जाणारी कुठलीही चूक उत्क्रांतीचा वेष घेऊन समोर येते. हे एवढं डोक्यात बसलं नाही तर या विषयात पाऊल टाकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी युरोपातल्या एका विद्यापीठात पीएचडी करत होते. आमच्या गटात एक सिनिअर पोस्टडॉक होता, त्याला आपण अचूकराव म्हणू. हुशार माणूस, कोड स्वच्छ लिहायचा, ते मान्यच आहे. कॅगल या मशीन लर्निंग स्पर्धांच्या संकेतस्थळावरची गॅलेक्सी स्पर्धा 2014 साली संपली होती आणि जो तो कन्व्होल्यूशनच्या, म्हणजे सीएनएनच्या, मागे लागला होता. अचूकरावांनी स्लोनच्या जवळच्या दीर्घिकांवर मॉडेल शिकवलं आणि हबल दुर्बिणीच्या दूरच्या दीर्घिकांवर चालवलं. आलेख देखणा आला. रेडशिफ्ट (दूरच्या प्रकाशाची तरंगलांबी किती ताणली गेली याचं माप; जेवढं जास्त तेवढं दूर आणि जुनं) वाढेल तसं सर्पिल दीर्घिकांचं प्रमाण सरळ उतरत गेलेलं. निष्कर्ष: तबकड्या, म्हणजे सर्पिल दीर्घिकांचा चपटा भाग, विश्वात उशिरा स्थिरावल्या. टेस्ट सेटवर, म्हणजे परीक्षेसाठी बाजूला ठेवलेल्या चित्रांवर, अचूकता 97 टक्के, ती पहिल्याच स्लाइडवर ठळक अक्षरांत.

मी विचारलं, टेस्ट सेट कुठला? त्याच जवळच्या ढिगातला. म्हणजे ज्या गठ्ठ्यावर निष्कर्ष उभा होता त्याची परीक्षा झालेलीच नव्हती.

दूरच्या दीर्घिकेचं काय होतं ते तुम्हाला कुठल्याही पुस्तकात मिळेल, तरी लिहिते. पृष्ठतेजस्विता, म्हणजे आकाशातल्या ठरावीक क्षेत्रामागचं तेज, एक अधिक रेडशिफ्ट या संख्येच्या चौथ्या घाताने घटते. रेडशिफ्ट 1 ला, म्हणजे जवळपास 8 अब्ज वर्षं मागे, ती सोळापट फिकी होते. आधी बाहेरचे फिके सर्पिल हात पार्श्वभूमीच्या गोंगाटात बुडतात आणि मधला तेजस्वी फुगवटा तेवढा शिल्लक राहतो. त्यात पिक्सेल कमी. वर तरंगलांबी सरकल्यामुळे ज्या फिल्टरमध्ये आपण बघतो त्यात त्या दीर्घिकेचा अतिनील प्रकाश येतो, त्यात नव्या ताऱ्यांचे पुंजके उठून दिसतात आणि जुनी, शांत तबकडी लपते. आंबोलीच्या घाटात धुकं उतरलं की फणस आणि आंबा दोन्ही सारखेच करडे गोळे दिसतात. त्यावरून झाडांना अजून फांद्या फुटल्या नाहीत, असं कोणी म्हणेल का?

तर मी स्लोनमधल्या अगदी जवळच्या, हात स्वच्छ दिसणाऱ्या सर्पिल दीर्घिका निवडल्या आणि त्यांना कृत्रिमरीत्या दूर ढकललं. यासाठी फेरेंगी नावाचा प्रोग्रॅम 2008 पासून उपलब्ध होता, आयडीएल भाषेतला. आयडीएलची लायसन्सं आमच्याकडे मोजकी, दिवसा सगळी अडकलेली, त्यामुळे माझं हे काम रात्री चालायचं. चित्र लहान करायचं, हबलच्या पीएसएफने (ती दुर्बीण एका बिंदूला जेवढं पसरवते त्या मापाने) धूसर करायचं, फिकं करायचं, आणि शेवटी खऱ्या हबल चित्रातला रिकाम्या आकाशाचा तुकडा गोंगाट म्हणून त्यात मिसळायचा. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. संगणकाने बनवलेला गोंगाट फार सभ्य असतो.

ही चित्रं अचूकरावांच्या मॉडेलला दिली. जसजशी दूर ढकलली तसतसं ते त्यांना लंबवर्तुळाकार म्हणत गेलं, आणि आलेख काढला तर तोच देखणा उतार! ज्या दीर्घिका एक दिवसानेही बदललेल्या नव्हत्या, त्यांची ‘उत्क्रांती’.

गटाच्या बैठकीत मी दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले. अचूकराव म्हणाले, “ऑगमेंटेशन केलंय की.” काय ऑगमेंटेशन? फिरवणं, उलटणं, थोडं मोठं-लहान करणं. चित्र फिरवल्याने धुकं थोडंच हटतं? मी तसं म्हणालेसुद्धा, जरा जास्तच तावातावाने. प्राध्यापकांनी मधला मार्ग काढला: परिशिष्टात एक वाक्य. ते वाक्य असं होतं की अंतराचा काही परिणाम असू शकतो. माझा आलेख छापला नाही. आभारप्रदर्शनात माझं नाव ‘उपयुक्त चर्चेबद्दल’. पुढे तो उतरता आलेख घेऊन अचूकराव परिषदांतून फिरले.

2017 साली गॅलेक्सी झूनेच हबलच्या दीर्घिकांची सूची काढली, तेव्हा दुरुस्तीसाठी फेरेंगीने दूर ढकललेली चित्रं वापरली होती. मग 2022 मध्ये वेब दुर्बिणीची चित्रं आली आणि पहिल्याच काही निबंधांत दिसलं की सुरुवातीच्या काळात हबलवरून वाटलं होतं त्यापेक्षा तबकड्या कितीतरी जास्त आहेत. 2025 मध्ये तर पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी ‘अलकनंदा’ दाखवली. महास्फोटानंतर अवघ्या दीडेक अब्ज वर्षांतली, दोन सुबक हातांची सर्पिल दीर्घिका. त्या दिवशी मी अचूकरावांना ईमेल लिहिली आणि पाठवली नाही. इथे लिहितेय ते त्याऐवजी समजा.

तर मशीन लर्निंगचा नेमका उपयोग काय, हेही तुम्ही विचारलंय. खूप आहे. चिलीतली रुबिन वेधशाळा दर रात्री 20 टेराबाइटच्या आसपास डेटा देणार आणि दहा वर्षांत सुमारे 20 अब्ज दीर्घिका टिपणार. तेवढ्यांचे वर्णपट कोण घेत बसणार? रंगांवरून रेडशिफ्टचा अंदाज बांधणं, या कामात न्यूरल नेटवर्कांचा मोठा उपयोग आहे. युक्लिड या अवकाश दुर्बिणीच्या मार्च 2025 च्या पहिल्या मोठ्या डेटात 3 लाख 80 हजार दीर्घिकांची सविस्तर रूपं नोंदली गेली, ती झूबॉट नावाच्या मॉडेलने, आणि त्याला शिकवलं पुन्हा हौशी लोकांनीच.

पण मला स्वतःला आवडतं ते वेगळं काम. तारानिर्मिती बंद का पडते, हा दीर्घिकांच्या अभ्यासातला सर्वांत चिवट प्रश्न. 2022 साली पिओत्रोव्स्का आणि सहकाऱ्यांनी साधं रँडम फॉरेस्ट (अनेक निर्णयवृक्षांचं एकत्र मत घेणारी पद्धत) घेतलं, ईगल, इलस्ट्रिस, इलस्ट्रिस-टीएनजी ही संगणकात विश्व घडवणारी सिम्युलेशनं आणि स्लोनच्या खऱ्या दीर्घिका असं सगळं त्यातून काढलं, आणि विचारलं की दीर्घिका निपचित आहे की नाही हे कशावरून सर्वांत चांगलं सांगता येतं. ताऱ्यांच्या वस्तुमानावरून नाही, भोवतीच्या कृष्णद्रव्याच्या (डार्क मॅटरच्या) वलयावरूनही नाही, मधल्या कृष्णविवराच्या वस्तुमानावरून. याच्याइतकं नेमकं उत्तर मोठमोठ्या नेटवर्कांनी क्वचित दिलंय, कारण इथे प्रश्नच नेमका होता. अर्थात खऱ्या दीर्घिकांमध्ये कृष्णविवराचं वस्तुमान थेट मोजलेलं नव्हतं, ताऱ्यांच्या वेगांच्या पसाऱ्यावरून काढलेलं होतं. आणि ‘सर्वांत चांगलं सांगतं’ म्हणजे ‘तेच कारण’ असं होत नाही. सिम्युलेशनांतही तोच क्रम निघाला, आणि तिथे कारण आपणच घातलेलं असतं, म्हणून मी त्यावर बऱ्यापैकी विश्वास ठेवते.

सिम्युलेशनवरही मात्र डोळे मिटून विसंबू नका. कॅमल्स प्रकल्पात हजारो छोटी सिम्युलेशनं आहेत, वेगवेगळ्या पद्धतींनी केलेली; टीएनजी आणि सिंबा या त्यांतल्या दोन. 2022 साली त्यांनी दाखवलं की फक्त एका दीर्घिकेच्या गुणधर्मांवरून विश्वातल्या द्रव्याचं प्रमाण साधारण 10 टक्के अचूकतेने सांगता येतं. ऐकून मी खुर्चीतून उठले होते. पुढे वाचलं तर टीएनजीवर शिकलेलं मॉडेल सिंबाच्या दीर्घिकांवर आपटतं. खरं विश्व ना टीएनजी आहे ना सिंबा. मला त्या लेखकांचं कौतुक वाटतं, कारण त्यांनी ते परिशिष्टात ढकललं नाही.

आता थोडं अचूकरावांच्या बाजूने. वेबवरून दिसणाऱ्या सगळ्याच सपाट गोष्टी तबकड्या नाहीत. 2024 च्या एका अभ्यासानुसार त्या काळच्या लहान दीर्घिकांपैकी बऱ्याच सिगारसारख्या लांबट असाव्यात. विश्वाच्या सुरुवातीला आजच्यासारख्या सुबक सर्पिल दीर्घिका कमी होत्या, हेही खरंच आहे. म्हणजे उतार असेल. माझं म्हणणं एवढंच होतं की त्यांच्या आलेखातला उतार त्यांच्या मॉडेलने बनवलेला होता, आणि खरा किती ते त्यातून कळतच नव्हतं. शिवाय हे सगळं चित्रांबद्दल झालं. वर्णपटांवर काम करणाऱ्यांची दुखणी वेगळी, त्याबद्दल मी बोलू नये.

पदवीचं म्हणाल तर काळजी करू नका. ती कॅगल स्पर्धा जिंकणारा सँडर डीलमन घेंट विद्यापीठात संगीताच्या ध्वनीवर डीप लर्निंग करणारा विद्यार्थी होता. दीर्घिका कशाही फिरवल्या तरी दीर्घिकाच राहतात ही साधी गोष्ट त्याने नेटवर्कच्या रचनेत घातली आणि खगोलवाल्यांच्या पुढे गेला. फक्त त्या स्पर्धेत जिंकायचं होतं ते माणसांची उत्तरं ओळखून, 37 आकड्यांत. दीर्घिकांचं वय कोणी विचारलेलं नव्हतं.

तुम्ही असं करा. तुमच्या 96 टक्केवाल्या मॉडेलला हात लावू नका. जवळच्या शंभरेक सर्पिल दीर्घिका घ्या, वर सांगितलं तसं टप्प्याटप्प्याने दूर ढकला, पायथनमध्ये एका आठवड्यात होईल, आणि ते मॉडेल कुठल्या रेडशिफ्टपाशी माना टाकतं ते बघा. त्या रेडशिफ्टच्या पुढचं त्याचं एकही उत्तर वापरू नका. मग ती ढकललेली चित्रं ट्रेनिंगमध्ये घालून पुन्हा शिकवा. कोणी अचूकता विचारली तर रेडशिफ्टगणिक सांगा, एक आकडा देऊ नका. हे झाल्यावर पुण्यात आयुका किंवा एनसीआरएच्या उन्हाळी प्रकल्पांना अर्ज करा, हातात दाखवायला काहीतरी असेल.

आणि मॉडेल? रेसनेट घ्या, तो सीएनएनचाच एक प्रकार. ट्रान्सफॉर्मरला लागेल तेवढा डेटा तुमच्याकडे नाही.