चौकटीच्या कडेला कोण उभे आहे?

प्रिय छायाचित्रकारास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेल्या छायाचित्रांपैकी बाकावर एकट्या बसलेल्या आजोबांचे छायाचित्र मनाला सर्वांत जास्त भिडते, आणि नेमके त्याच्याचबद्दल मला विस्ताराने लिहावेसे वाटते. सोबत जोडलेली मूळ चौकट पाहिल्यावर कळले की आजोबांच्या शेजारी कोणीतरी बसले आहे. त्या व्यक्तीचा कोपर आणि मांडीवर उघडे असलेले पुस्तक तेवढे उजव्या कडेला आले आहे. अर्धवट कोपर डोळ्यांना खटकतो, म्हणून तू तो भाग क्रॉप केलास, म्हणजे कातरून वगळलास. रचना त्यामुळे नेटकी झाली हे खरे. पण ज्या माणसाला त्या क्षणी सोबत होती, तो पाहणाऱ्याच्या लेखी एकाकी झाला. चौकटीत उरलेला प्रत्येक बिंदू खरा आहे आणि तरीही छायाचित्र जे सांगते ते घडलेले नाही.

क्रॉप करणे मला गैर वाटत नाही. छायाचित्रकार अर्नोल्ड न्यूमन यांनी 1946 साली संगीतकार इगोर स्त्राविन्स्की यांचे जे व्यक्तिचित्र टिपले, त्याची ताकद बरीचशी क्रॉपमध्येच आहे. मूळ निगेटिव्हमध्ये भोवती कितीतरी जास्त जागा होती. अंतिम चित्रात मात्र पियानोचे उघडलेले काळे झाकण बहुतेक चौकट व्यापते आणि संगीतकार खालच्या डाव्या कोपऱ्यात, हातावर डोके टेकवून बसलेले दिसतात. माणूस लहान आणि वाद्य प्रचंड, हे प्रमाण पाहताच त्या माणसाचे आयुष्य कशाने भरलेले आहे हे कळते. तिथे जे वगळले गेले, त्याने कोणाविषयीचेही सत्य बदलले नाही. चौकटीचे तीन-तीन समान भाग कल्पून मुख्य विषय त्यांच्या रेषांवर ठेवायचा, या एकतृतीयांशाच्या नियमावर तू फार विसंबतोस की काय, अशी शंका तुझी चित्रे पाहताना येते, म्हणूनही हे उदाहरण मुद्दाम दिले.

क्यूबाचे छायाचित्रकार अल्बेर्तो कोर्दा यांनी टिपलेले क्रांतिकारक चे गेव्हारा यांचे छायाचित्र तर जगभर पोचले. ते 5 मार्च 1960 रोजी हवानात, एका जहाजावरील स्फोटात मरण पावलेल्यांच्या शोकसभेत घेतलेले आहे. मूळ चौकटीत एका बाजूला दुसऱ्या एका माणसाचा चेहरा आहे आणि दुसऱ्या बाजूला ताडवर्गीय झाडाच्या झावळ्या. ते दोन्ही गेल्यावर जागा गेली, प्रसंग गेला, आणि शोकसभेतला एक माणूस काळाच्या बाहेर उभे असलेले प्रतीक बनला. चित्र म्हणून ते विलक्षण आहे. मात्र त्या दिवसाची बातमी सांगण्यासाठी कोणी तोच क्रॉप वापरला असता, तर मला तो अपुरा वाटला असता.

याहून गंभीर प्रसंग जानेवारी 2020 मधला आहे. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे पाच तरुण हवामान कार्यकर्त्या एकत्र उभ्या होत्या आणि असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने प्रसृत केलेल्या एका छायाचित्रातून कडेला उभ्या असलेल्या युगांडाच्या व्हेनेसा नाकाते वगळल्या गेल्या. त्या पाच जणींत कृष्णवर्णीय अशा त्या एकट्याच होत्या. त्यांच्या मागची इमारत लक्ष विचलित करत होती, असे रचनेचे कारण आधी पुढे आले. नंतर संस्थेने माफी मागितली. ते कारण प्रामाणिक होते असे धरले, तरी परिणाम बदलत नाही. म्हणून कडेला माणूस असेल, तेव्हा पार्श्वभूमीच्या सोयीपेक्षा त्या माणसाचा विचार आधी करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

आता थोडे तंत्राबद्दल. क्रॉप केल्याने वस्तूंमधले परस्परनाते बदलत नाही. जवळचे किती मोठे आणि दूरचे किती लहान दिसावे, हे कॅमेरा कुठे उभा आहे यावरच ठरते. डोक्यामागून खांब उगवलेला दिसत असेल, तर नंतरची कोणतीही कातर तो बाजूला सरकवू शकत नाही. एक पाऊल सरकले की तो आपोआप दूर होतो. शिवाय 6000 गुणिले 4000 पिक्सेलच्या चित्राची लांबी-रुंदी अर्धी केली, तर 24 मेगापिक्सेलमधले 6 उरतात, आणि मोठी प्रिंट काढताना ही उणीव दिसून येते. माणसाला कातरावेच लागले, तर मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर कड आणू नये, कारण तिथे अवयव तुटल्यासारखा भासतो.

तुझ्या बाकावरच्या छायाचित्रासाठी मला दोन वाटा दिसतात. एक म्हणजे कोपर आणि पुस्तक दोन्ही राहू द्यावे. कड थोडी अस्वस्थ राहील, पण शेजारी कोणीतरी आहे हे कळेल. दुसरी म्हणजे फक्त आजोबांच्या हातांपर्यंत इतके जवळ यावे की एकटेपणाचा प्रश्नच उपस्थित होणार नाही. मला पहिली अधिक पटते. दोन्ही करून पाहा, मूळ चौकटीसह पाठव, आणि शेजारी बसलेली व्यक्ती कोण होती तेही कळव.

तुझा,
एक ज्येष्ठ स्नेही