पाच वर्षांच्या मुलाला तिसऱ्यांदा गळू, रिपोर्टमध्ये ‘एमआरएसए’: घरातल्या बाकीच्या मुलांना कसं जपायचं?

तुम्ही लिहिलंय ते असं: मुलाला चार महिन्यांत तिसरं गळू, यावेळच्या पुवाच्या कल्चरमध्ये (पुवातला जंतू वाढवून ओळखायची तपासणी) एमआरएसए हा नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा जंतू, घरात सात वर्षांची मुलगी आणि दीड महिन्याचं बाळ. आणि विचारलंय की आता आणखी स्ट्राँग अँटिबायोटिक द्यावं का. माझं स्पष्ट मत: औषध बदलण्याआधी पू पूर्ण निघालाय का ते बघा आणि घरातले टॉवेल वेगळे करा. फरक तिथेच पडतो. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये काम करतो, म्हणून रिपोर्टबद्दल जरा विस्ताराने लिहितो. डोस सांगणार नाही, तो वजन बघून बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचा असतो.

हा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस, थोडक्यात स्टॅफ. १८८० च्या सुमाराला अ‍ॅबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांना पुवात तो द्राक्षाच्या घडासारखा दिसला, म्हणून ग्रीकमधल्या घडावरून त्यांनी नाव ठेवलं. आपल्या सोलापूर जिल्ह्यात द्राक्षाचा घड कसा असतो ते वेगळं सांगायला नको. दहातल्या साधारण तिघांच्या नाकात तो काही त्रास न देता राहतो. खरचटलं, डास चावला, घामोळ्या खाजवल्या की वाट मिळते. आंबे खाल्ल्याने किंवा ‘उष्णता’ झाल्याने गळू होत नाही. एप्रिल-मेमध्ये ती वाढतात ती घाम, घासणं आणि खाजवणं यामुळे.

एमआरएसए म्हणजे याच जंतूचा मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणारा प्रकार. मेथिसिलिन १९५९ मध्ये आलं आणि १९६१ मध्ये इंग्लंडमध्ये त्याला न जुमानणारा स्टॅफ सापडलासुद्धा. जंतूची भिंत बांधणारं प्रथिनच बदललेलं असतं, त्यामुळे पेनिसिलिनच्या कुळातलं औषध त्याला चिकटतच नाही. म्हणजे अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट, सेफॅलेक्सिन, सेफपोडॉक्सिम ही सगळी सिरप इथे निकामी. सेफिक्झिम तर साध्या स्टॅफवरही कमजोर आहे, आणि मेडिकलमधून परस्पर आणलेली बाटली बऱ्याचदा नेमकी तीच असते. ‘आमच्या मुलाला कधी दवाखान्यात ठेवलंच नाही, मग हे आलं कुठून’ हे तुमचं कोडं खरं आहे, पण हा आता फक्त हॉस्पिटलचा जंतू राहिलेला नाही. अमेरिकेत १९९७ ते १९९९ मध्ये मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटातली चार मुलं याने दगावली, तीही बाहेर समाजातच झालेल्या संसर्गाने.

गळू म्हणजे भिंत घातलेली पुवाची पिशवी. रक्तातलं औषध त्या पिशवीत नीट पोचत नाही. म्हणून पिकलेल्या गळवाला डॉक्टरांनी चिरा देणं हाच मुख्य इलाज, अँटिबायोटिक त्याच्या मदतीला. चिरा न देता पाच-पाच दिवसांचे तीन कोर्स झाले असतील तर गळू परत भरणारच. छोटं, कडक असेल तर स्वच्छ सुती कापड सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून १० ते १५ मिनिटं शेक, दिवसातून तीन-चारदा. ते कापड पुन्हा वापरण्याआधी उकळा. गळू पिळू नका, पू आतल्या बाजूला फुटतो. नाक आणि वरच्या ओठाच्या भागातलं तर अजिबात नाही. बिब्बा लावू नका, कातडी भाजते. चुना-गूळही नको. आणि खाज, गजकर्ण, सगळ्यावर चालणारी म्हणून मिळणारी मिश्र मलमं: त्यात बहुतेक वेळा स्टिरॉइड असतं, जे लाली दाबतं आणि जंतूला मोकळं रान देतं.

चिरा दिल्यावर वरचं गॉज ओलं झालं की बदला, कोरडं राहिलं तरी रोज एकदा. हातमोजे नसतील तर हातात स्वच्छ प्लास्टिकची पिशवी घालून गॉज उचला, तीच पिशवी उलटी करून गाठ मारा, कचऱ्यात टाका, मग साबणाने हात. गॉजच्या चारही कडा टेपने बंद हव्यात. पू झाकलेला राहिला तर मूल शाळेत जाऊ शकतं. तालीम, कबड्डी मात्र जखम पूर्ण सुकेपर्यंत बंद.

आता रिपोर्ट. नमुना खपलीवरून पुसलेला नको, चिरा देताना आतून घेतलेला पू हवा, आणि शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी. सिव्हिलला किंवा खासगी लॅबला, दोन-तीन दिवस लागतात. आम्ही जंतूचा पातळ थर प्लेटवर पसरतो आणि औषधाच्या छोट्या गोल चकत्या ठेवतो. औषध लागू पडलं तर चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं, नाही तर जंतू चकतीच्या कडेपर्यंत उगवतात. एमआरएसए ओळखायला मेथिसिलिनऐवजी सेफॉक्सिटिनची चकती असते. तिचं वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा कमी भरलं की एमआरएसए. म्हणून तुमच्या रिपोर्टवर ‘मेथिसिलिन’ असं नाव शोधू नका, सेफॉक्सिटिनची ओळ बघा. दुसरी ओळ क्लिंडामायसिनची. एरिथ्रोमायसिन ‘रेझिस्टंट’ (लागू न पडणारं) आणि क्लिंडामायसिन ‘सेन्सिटिव्ह’ (लागू पडणारं) असेल तर ‘डी टेस्ट’ केली का, हे लॅबला जरूर विचारा. दोन चकत्या शेजारी ठेवल्यावर क्लिंडामायसिनचं वर्तुळ एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटं होऊन इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखं दिसलं, तर हे औषध कागदावर चांगलं दिसूनही मुलात फसू शकतं. व्हँकोमायसिन आणि लिनेझोलिड यांच्यापुढे ‘सेन्सिटिव्ह’ बघून तीच मागू नका, ती गंभीर आजारासाठी राखलेली बरी. साध्या गळवाला डॉक्टर बहुधा क्लिंडामायसिन किंवा को-ट्रायमॉक्सॅझोल यांतून निवडतात. रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि पुढच्या प्रत्येक दवाखान्यात आधी तो दाखवा.

घरातलं मुख्य काम इथून पुढे आहे. टॉवेलच्या गावात राहून बहुतेक घरांत एकच टॉवेल दोरीवर सगळ्यांसाठी असतो, आणि जंतूला तोच हवा असतो. प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा टॉवेल द्या, खिळाही वेगळा. जाड टेरी टॉवेल पावसाळ्यात दिवसभर दमटच राहतो, त्यापेक्षा मुलाला दोन पातळ पंचे द्या, म्हणजे रोज एक धुऊन कडक वाळवता येतो. पाणी फार गरम हवं असं काही नाही. साबण आणि पूर्ण वाळणं महत्त्वाचं. चादरीचंही तेच: जाड सोलापुरी चादर रोज कोण धुणार? मग चादरीच्या आत, अंगाला लागेल असं जुन्या धोतराचं किंवा साडीचं पान घाला आणि ते रोज बदला. गळू सुकेपर्यंत बहीण-भावाचं एका पांघरुणात झोपणं बंद. साबणाची वडी, कंगवा, नेलकटर हेही वेगळं. नखं आठवड्यातून एकदा बारीक कापा.

पाणी काही दिवसांआड येतं म्हणून हात धुण्यात काटकसर होते, हे मला मान्य आहे. एकाच घमेल्यात सगळ्यांनी हात बुडवणं मात्र टाळा, त्यातून जंतूच वाटला जातो. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती उलटी टांगा. साबण २० सेकंद चोळायचा आणि धार फक्त शेवटी, इतकंच पाणी पुरतं. मधल्या वेळी ६० टक्क्यांहून जास्त अल्कोहोलचं सॅनिटायझर चालेल, हात मळलेले नसतील तर.

एक गोष्ट आवर्जून तपासा: मुलाला किंवा मुलीला रात्री जास्त खाज येते का, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेला बारीक पुरळ आहे का? असेल तर मूळ खरूज आहे आणि गळू त्याच्यावर होतंय. खरजेवर घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री इलाज केला नाही तर कोणतंही अँटिबायोटिक पुरणार नाही. ५ टक्के पर्मेथ्रिन मानेपासून तळपायापर्यंत, ८ ते १४ तास, मग आंघोळ, साधारण आठवड्याने पुन्हा एकदा. दीड महिन्याच्या बाळासाठी डॉक्टरांना वेगळं विचारा.

हे सगळं पाळूनही गळू परत आलं तर डॉक्टर ‘डीकॉलनायझेशन’ सुचवतील, म्हणजे अंगावर वस्तीला असलेला जंतू हटवणं. नाकात २ टक्के म्युपिरोसिन मलम: कापसाच्या काडीवर काडेपेटीच्या गुलाइतकं, दोन्ही नाकपुड्यांत, मग नाक चिमटीत धरून हलकं चोळायचं, दिवसातून दोनदा, पाच दिवस. त्याच पाच दिवसांत ४ टक्के क्लोरहेक्सिडिनची आंघोळ: अंग ओलं करून गळ्याखाली, काखेत, जांघेत हाताने लावायचं, एक-दोन मिनिटं थांबून धुवायचं. डोळे आणि कान जपा. सगळ्या घराने एकाच वेळी केलं तर उपयोग, एकट्या मुलाने केलं तर जंतू पुन्हा आईच्या किंवा आजीच्या नाकातून येतो. पाच दिवस रोज धुतलेले पंचे आणि उशीचे अभ्रे हवेत. म्युपिरोसिन प्रत्येक फोडावर महिनोन्‌महिने लावत बसू नका, त्यालाही जंतू सरावतो. ब्लीचची आंघोळ तुम्ही कुठे वाचली असेल, ती टबात १५ मिनिटं बसून करायची असते, बादली-तांब्याने जमत नाही. ब्लीचिंग पावडर तर अंगावर मुळीच नको.

बाळाबद्दल माझी सगळ्यात मोठी काळजी. नवजात बाळाची छाती फुगलेली दिसली की मालिश करणाऱ्या मावशी ‘दूध काढायला’ ती पिळतात. हे आजच थांबवा. ती सूज आईच्या संप्रेरकांमुळे असते, काही आठवड्यांत आपोआप उतरते. पिळल्याने कातडीला बारीक इजा होते आणि स्टॅफ आत शिरून तिथे गळू होतं. मुलगी असेल तर पुढे स्तनाच्या वाढीवरही परिणाम होऊ शकतो. ड्रेसिंग करणाऱ्याने बाळाला घेण्याआधी हात धुवायचे, बाळाचं दुपटं, पंचा, तेलाची वाटी वेगळी. आईच्या स्वतःच्या स्तनावर लाली किंवा गाठ आली तर तिलाही दाखवा.

बाळाला एक जरी पुवाचा फोड किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना, रात्र असली तरी. मोठ्या मुलांच्या लालीची कड पेनाने आखून ठेवा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली, ताप चढला, डोळ्याभोवती सूज आली, मूल लंगडायला लागलं किंवा हात-पाय हलवू देईना (हाडात वा सांध्यात संसर्ग असू शकतो), सर्दी-तापानंतर एकदम धाप लागली, किंवा मूल मलूल पडलं, तर शेक-मलम सोडा आणि थेट सिव्हिलच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात न्या. रिपोर्टचा तो फोटो पहिल्याच डॉक्टरांसमोर धरा, म्हणजे सुरुवातीचं इंजेक्शन एमआरएसए गृहीत धरूनच ठरेल.