वाचकांचे प्रश्न : कॅपिटॉल रीफच्या दऱ्यांमध्ये दोघांनी सावकाश

प्रश्न : माझे वय 61 असून यजमान 67 वर्षांचे आहेत. मुलगी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला असते आणि सप्टेंबरअखेर आम्ही तिच्याकडे जाणार आहोत. तिला व जावयांना रजा मिळत नसल्यामुळे त्यांनी आम्हा दोघांसाठी युटामधील पाच राष्ट्रीय उद्याने पाच दिवसांत पाहण्याचा बेत आखून दिला आहे. यजमानांनी मागील दोन्ही खेपांना तिथे गाडी चालवलेली आहे, त्यामुळे त्याची चिंता नाही. परंतु माझे गुडघे दुखतात, चढ झेपत नाही आणि रोज सकाळी सामान बांधून निघायचे या कल्पनेनेच मी थकून जाते. या पाचांपैकी एकच ठिकाण निवडायचे झाल्यास कोणते निवडावे, आणि वाळवंटातल्या दऱ्या पाहण्यात तीन दिवस खरोखर जातात का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : मुलीने प्रेमाने आखलेला बेत मोडा असे सांगताना मला संकोच वाटतो, तरीही सांगते की तो मोडा. आर्चेस, कॅन्यनलँड्स, कॅपिटॉल रीफ, ब्राइस आणि झायन ही पाचही स्थळे एकाहून एक सरस आहेत, पण पाच दिवसांत ती करू गेल्यास बहुतेक वेळ गाडीत जाईल आणि तुमच्या गुडघ्यांना सर्वांत जास्त त्रास चालण्याचा नव्हे, तर गाडीत बसून राहण्याचा होईल. माझी निवड निःशंकपणे कॅपिटॉल रीफ ही आहे, आणि तिथे तीन रात्री राहावे. सॉल्ट लेक सिटीहून साडेतीन ते चार तासांत तिथे पोहोचता येते. उद्यानात हॉटेल, उपाहारगृह किंवा पेट्रोलपंप यांपैकी काहीही नाही. त्यामुळे जवळच्या टॉरी या लहानशा गावात खोली घ्यावी आणि तिन्ही दिवस तिथूनच ये-जा करावी, म्हणजे सामान एकदाच उघडावे लागते.

हे ठिकाण निवडण्याचे पहिले कारण म्हणजे या वाळवंटातून बारमाही नदी वाहते. फ्रेमाँट नदीच्या काठी फ्रूटा नावाची वस्ती होती. 1880 च्या दशकात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबे तिथे आली आणि त्यांनी पाट काढून फळबागा लावल्या. वस्तीत एका वेळी दहापेक्षा जास्त कुटुंबे कधीच नव्हती. ती माणसे आज तिथे नाहीत, पण चेरी, जर्दाळू, पीच, पेअर आणि सफरचंद यांची सुमारे दोन हजार झाडे उद्यान खात्याने जोपासलेली आहेत. तोडणीसाठी खुल्या असलेल्या बागेत शिडी आणि फळे उतरवायची लांब दांडी ठेवलेली असते. बागेत उभे राहून खाल्लेल्या फळाचे पैसे पडत नाहीत, आणि घरी न्यायची असतील तर काट्यावर स्वतः वजन करून पैसे पेटीत टाकायचे असतात. तुम्ही जाल तेव्हा सफरचंदांचा हंगाम असेल. नाशिककरांना बागेचे अप्रूप ते काय, असे वाटू शकते. मात्र डोक्यावर शेकडो फुटांचा लाल कडा, पायाखाली ओले गवत आणि संध्याकाळी पडलेली सफरचंदे खायला आलेली हरणे, हे दृश्य आम्ही दोघे अर्धा तास एका शब्दाविना पाहत राहिलो होतो. जवळच जुने गिफर्ड घर आहे; तिथे हंगामात ‘पाय’ (pie), म्हणजे आत फळे भरून भाजलेला गोड पदार्थ, मिळतात, ते सकाळी लवकर जाऊन घ्यावेत, कारण नंतर संपतात.

दुसरे कारण खडकांचे आहे. आपल्या सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक आडवे बसलेले दिसतात. इथे गाळाच्या खडकांचे थर आहेत आणि पाच ते सात कोटी वर्षांपूर्वी भूकवचावर दाब येऊन त्यांना सुमारे 160 किलोमीटर लांबीची एक प्रचंड घडी पडली. पश्चिमेकडचे थर पूर्वेकडच्या त्याच थरांपेक्षा 7,000 फुटांहूनही अधिक उचलले गेले. या घडीला वॉटरपॉकेट फोल्ड म्हणतात. नावातले ‘वॉटरपॉकेट’ म्हणजे वालुकाश्मात पडलेले, पावसाचे पाणी साठवणारे खळगे. आपल्या निघोजचे रांजणखळगे कुकडीच्या प्रवाहात गरगरणाऱ्या गोट्यांनी काळ्या पाषाणात कोरलेले आहेत. इथले खळगे मऊ वालुकाश्म झिजून झालेले आहेत, आणि वाळवंटातल्या प्राण्यांना त्यांचाच आधार असतो. उद्यानाच्या नावाचा उलगडाही खडकातच आहे : पांढऱ्या वालुकाश्माचे घुमट राजधानीतल्या कॅपिटॉल इमारतीसारखे वाटले, आणि समुद्रातल्या खडकाळ रांगेसारखा वाट अडवणारा डोंगर म्हणून ‘रीफ’.

तीन दिवस जातात का, हा तुमचा खरा प्रश्न आहे. आम्ही पहिल्या दिवशी भर दुपारी पोहोचलो, तेव्हा समोरची भिंत मला फिकट विटकरी आणि सपाट वाटली, आणि मनातून मी थोडी हिरमुसलेही. सायंकाळी सनसेट पॉइंटला गेलो. गाडीतळापासून जेमतेम दहा-पंधरा मिनिटांची, जवळजवळ सपाट वाट आहे. ऊन तिरपे झाले तशी त्या एकाच भिंतीची वेगवेगळी अंगे दिसू लागली : तळाशी चॉकलेटी थर, त्यावर करडा-हिरवा आणि जांभळट उतार, त्यावर सरळ उभा केशरी कडा, आणि सर्वांत वर पांढरे घुमट. प्रत्येक भेगेत सावली शिरली आणि दुपारी सपाट दिसलेल्या कड्याला खोली आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीच भिंत पुन्हा निराळी होती. म्हणून माझा आग्रह असा की, सकाळ आणि संध्याकाळ बाहेर घालवावी व दुपारी खोलीवर स्वस्थ पडावे. जवळच्याच गूजनेक्सच्या कठड्यावरून सुमारे 800 फूट खाली सल्फर क्रीकचा ओढा वेटोळी घेत गेलेला दिसतो. तिथेही चालणे नाममात्रच आहे.

गुडघ्यांसाठी सर्वांत योग्य चाल कॅपिटॉल गॉर्जची आहे. फ्रूटापासून निघणारा तेरा-एक किलोमीटरचा निसर्गरम्य रस्ता (गाडीमागे 20 डॉलर प्रवेशमूल्य, ते सात दिवस चालते) संपला की पुढे कच्चा रस्ता त्या घळईत शिरतो, आणि गाडी ठेवून पायी निघायचे. वाट घळईच्या तळातून, वाळू आणि गोट्यांवरून जाते. 1884 मध्ये वसाहतवाल्यांनी दगड बाजूला करून इथून वाट काढली, आणि 1962 पर्यंत हाच वाहनांचा मुख्य रस्ता होता, हे आत चालताना खरे वाटत नाही. अर्ध्या मैलाच्या आतच एका भिंतीवर जुन्या प्रवाशांनी कोरलेली नावे आणि सन दिसतात. त्यांतील सर्वांत जुनी 1871 मधील आहेत. आपण मात्र तिथे नखाचाही ओरखडा उठवू नये, तो कायद्याने गुन्हा आहे. पुढे पाण्याच्या खळग्यांकडे जाणारा छोटा चढ लागतो. तो तुम्ही सोडून द्यावा आणि यजमान वर जाऊन येईपर्यंत सावलीत बसावे. एखादी काठी सोबत असलेली बरी, कारण वाळूत पाऊल रुतते.

हमरस्ता क्रमांक 24 वर एका लाकडी मार्गिकेवरून फ्रेमाँट संस्कृतीच्या लोकांनी कड्यावर कोरलेली चित्रे पाहता येतात. हे लोक साधारण इसवी सन 300 ते 1300 या काळात इथे राहत. रुंद खांद्यांच्या, शिरोभूषण घातलेल्या मानवाकृती आणि वाळवंटी रानमेंढ्या त्यांत ओळखता येतात. आपल्या रत्नागिरीकडची कातळशिल्पे जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे जमिनीवर आहेत, तर इथली उभ्या कड्यावर उंच आहेत. त्यामुळे दुर्बीण नसल्यास बरेच काही निसटते.

फ्रूटाची उंची सुमारे 5,500 फूट, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्याइतकी आहे. हवा इतकी कोरडी असते की घाम आलेला कळतच नाही, म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता पाणी पीत राहावे. रात्री चांगलाच गारवा असतो, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी घेऊनच तारे पाहायला बाहेर पडावे. 2015 मध्ये या उद्यानाला आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, आणि चांदणे नसलेल्या रात्री आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसतो. निघण्यापूर्वी पंचांगात अमावास्या पाहून तारखा ठरवाव्यात. शाकाहारी असाल तर मुलीकडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घ्यावी, कारण टॉरीत उपाहारगृहे मोजकीच आहेत.

प्रश्न : आम्हाला ऑगस्टमध्येच जमण्यासारखे आहे. वाळवंट असल्यामुळे पावसाची भीती नसावी असे आम्ही धरून चाललो आहोत. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही, आणि याबाबतीत कृपया गाफील राहू नका. तिथे वर्षभरात जेमतेम 200 मिलिमीटर पाऊस पडतो हे खरे. परंतु जुलै ते सप्टेंबर या काळात दुपारच्या वेळी गडगडाटी सरी येतात, आणि उघड्या खडकावर पडलेले पाणी जिरत नाही. ते सगळे एकदम घळईत उतरते. तुमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन असताना कित्येक मैल वरच्या अंगाला पडलेल्या पावसाचा लोंढा चिखल आणि ओंडके घेऊन येऊ शकतो. कॅपिटॉल गॉर्ज आणि ग्रँड वॉश या दोन्ही घळयांच्या भिंती उभ्या आहेत. आत असताना वर चढून जायला बहुतेक ठिकाणी जागाच नसते. त्यामुळे घळईतली चाल सकाळी लवकर उरकावी, निघण्यापूर्वी माहिती केंद्रात त्या दिवसाचा पुराचा अंदाज विचारावा, आणि पावसाची जरा जरी शक्यता असेल तर आत जाऊ नये. रस्त्यावरून पाणी वाहत असल्यास गाडी त्यात घालू नये. पाणी ओसरेपर्यंत अलीकडेच थांबावे. दुपारी ढग जमले की फ्रूटाच्या बागेकडे वळावे. ऑगस्टमध्ये पीच आणि पेअर उतरवायला आलेले असतात.